बोनसवर सरसकट ३० टक्के? आधी पगाराची स्लिप काढा

दिवाळीचा बोनस खात्यात पडला की नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या कामगारांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर असा: बोनसवर सरकार सरसकट ३० टक्के टॅक्स कापतं आणि तो परत मिळत नाही, कायद्याने मिळणाऱ्या ८.३३ टक्के बोनसवर टॅक्स लावणंच बेकायदा; आणि बोनसमुळे वर्षाच्या उत्पन्नात बारा लाखांवर जाणार असाल तर तो न घेतलेलाच बरा.

३० टक्क्यांपासून सुरुवात करू. बोनससाठी वेगळा दर आयकरात नाहीच. कंपनी पगार, ओव्हरटाइम, बोनस असं वर्षाचं सगळं उत्पन्न एकत्र धरते, त्यावरचा टॅक्स काढते आणि दरमहा थोडा थोडा कापते. २०२५-२६ सालचे नव्या पद्धतीचे (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) दर घ्या. महिना १,१५,००० पगार असलेल्या सुपरवायझरचा, पगारदारांना सरसकट मिळणारी ७५,००० ची वजावट जाऊन, वर्षाचा टॅक्स सेससकट (टॅक्सवरचा ४ टक्के उपकर) ७८,७८० येतो. म्हणजे महिन्याला ६,५६५. ऑक्टोबरात एक लाख बोनस मिळाला की वर्षाचा टॅक्स ९४,३८० होतो. वाढ १५,६०० ची. ती एकदम कापली तर त्या महिन्याच्या स्लिपवर २२,१६५ दिसतात, आणि माणूस तो सगळा आकडा बोनसच्या नावावर टाकतो. जुन्या पद्धतीत असलेल्याने वजावटीसाठी एलआयसीच्या पावत्या दिलेल्या नसतील, तर मागची तूटही याच महिन्यात वसूल होऊ शकते. मग तीस टक्के काय, चाळीससुद्धा दिसतील.

कंपनीने मनात आणलं तर हेच १५,६०० ऑक्टोबर ते मार्च दरमहा २,६०० असे कापता येतात. पण बोनस घेऊन कुणी नोव्हेंबरात राजीनामा टाकला, तर न कापलेल्या टॅक्सचा जाब कंपनीला द्यावा लागतो. म्हणून अकाउंट्सवाले सगळा टॅक्स एकदमच कापून घेतात. त्यांची बाजू मला पटते. फक्त स्लिपसोबत दोन ओळींचा हिशेब दिला असता तर निम्मी बोंबाबोंब झालीच नसती.

परत मिळत नाही, हे तर साफ खोटं. जास्त कापलेला टॅक्स रिटर्न भरल्यावर परत येतो. फॉर्म १६ (कंपनीने दिलेला पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) आणि २६ एएस (तुमच्या नावावर सरकारकडे जमा टॅक्सचा तपशील) जुळवून बघा.

८.३३ टक्क्यांचं काय? १९६५ च्या बोनस कायद्याची (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा वेतन संहितेने घेतली) पगारमर्यादा महिना २१,००० होती. तो बोनसही करपात्रच, पण एवढ्या पगाराचे वर्षाला होतात २,५२,०००. त्यावर टॅक्स बसतच नाही. तरी रक्कम कमी आली असेल तर आधी घेतलेली उचल वळती झाली का, ते विचारा.

बारा लाखांच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला नेमकं तेच नीट मांडता आलेलं नाही. समजा वजावटीनंतर करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख, म्हणजे नव्या पद्धतीतल्या सवलतीमुळे टॅक्स शून्य. वर २०,००० बोनस आला. दराने टॅक्स ६३,००० होतो, पण मार्जिनल रिलीफमुळे तो १२ लाखांवरच्या रकमेपुरता, म्हणजे २०,००० वर थांबतो. त्यावर ४ टक्के सेस, ८०० रुपये. अख्खा बोनस गेला आणि वर ८०० खिशातून! हा पट्टा साधारण १२,७०,००० पर्यंतच आहे. तिथेच एक लाख बोनस असता तर टॅक्स ७८,००० आणि हातात २२,०००. आणि करपात्र उत्पन्न बोनस धरूनही १२ लाखांच्या आत राहत असेल, तर नव्या पद्धतीत एक रुपयाही जात नाही.

या पट्ट्यात अडकणाऱ्याने बोनस नाकारण्यापेक्षा एचआरला एनपीएसबद्दल (राष्ट्रीय पेन्शन योजना) विचारावं. बेसिक आणि डीएच्या १४ टक्क्यांपर्यंतची रक्कम कंपनीने तिथे भरली तर ती करपात्र उत्पन्नातून वजा होते. ती कंपनीच्याच हातून जायला हवी. स्वतः भरलेल्या पैशाला नव्या पद्धतीत ही सवलत नाही.