‘कॅम टाका, २० बीएचपी घ्या’: मेसेजमध्ये न लिहिलेला हिशोब

जुन्या एस्टीम, जिप्सी आणि होंडा सिटीवाल्यांमध्ये एक मेसेज पुन्हा फिरतोय. थोडक्यात असा: कंपनी इंजिन मुद्दाम दाबून ठेवते, मोठ्या ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट, टाकला की २० बीएचपी फुकट मिळतात, आयडलिंगला गाडी डुगडुगली की समजायचं, काम फत्ते, बाकी जे बिघडेल ते रीमॅपमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) निघतं, आणि रोज ऑफिसला न्यायच्या गाडीलाही हे बिनधास्त चालतं.

आधी ते ‘फुकट’ बघू. बीएचपी, म्हणजे इंजिनाची ताकद, हा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) यांचा गुणाकार, एका ठरावीक आकड्यानं भागलेला. १०० न्यूटन-मीटर टॉर्क ६००० आरपीएमला मिळाला तर साधारण ८४ बीएचपी होतात. तोच ७००० ला टिकवला तर ९८. मोठा कॅम नेमकं हेच करतो. टॉर्क फारसा वाढत नाही, वरपर्यंत टिकतो. त्याची किंमत खाली मोजावी लागते, आणि ती ठरते हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो यावर. इनटेकची सेंटरलाइन (व्हॉल्व्ह सर्वांत जास्त उघडा असतो ती जागा) पिस्टन टोकाला असल्यापासून क्रँकचे ११० अंश धरा. २४० अंशांचा कॅम पिस्टन तळाला गेल्यानंतर ५० अंशांनी व्हॉल्व्ह बंद करतो, २७० अंशांचा ६५ अंशांनी. म्हणजे पिस्टन वर निघालाय आणि दार अजून उघडंच. ६५०० आरपीएमला हवेला इतका वेग असतो की ती तरीही आत घुसत राहते. १८०० ला तो वेग नसतो. पिस्टन आत आलेली हवा पुन्हा मॅनिफोल्डमध्ये (हवा आत आणणाऱ्या नळ्यांत) ढकलतो. म्हणून जाणकार मोठ्या कॅमबरोबर हेड (सिलेंडरवरचं झाकण) प्लेन करून किंवा पिस्टन बदलून कॉम्प्रेशनही (मिश्रण किती दाबलं जातं ते) वाढवतात. मेसेजमध्ये त्याचा उल्लेख नाही, कारण मग ‘फुकट’ म्हणता येत नाही.

आता स्वतःला विचारा, तुमची गाडी ६५०० ला किती वेळ असते? संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडताना सुई १००० ते २५०० मध्येच घुटमळते. तिथलाच टॉर्क विकून तुम्ही वरचा घेतलात. स्पीडब्रेकरनंतर गाडी तिसऱ्यात उचलत नाही, खंबाटकी चढताना एक गिअर जास्त पाडावा लागतो, क्लच लवकर जातो.

‘कंपनी दाबून ठेवते’ याला उत्तर होंडानंच दिलंय. १९८९ मध्ये इंटेग्राच्या १.६ लिटर इंजिनात व्हीटेक आलं: एकाच शाफ्टवर खालच्या आरपीएमसाठी वेगळे लोब (व्हॉल्व्ह दाबणारे उंचवटे), वरच्यासाठी वेगळे, आणि १६० पीएस (जवळपास तेवढेच बीएचपी). एका लोबात दोन्ही बसलं असतं तर होंडानं हा खटाटोप कशाला केला असता?

डुगडुग. आवाज मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू. पण तो ताकदीचा आवाज नाही, ओव्हरलॅपचा आहे, म्हणजे इनटेक आणि धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा. दोन्ही लोब २७० अंशांचे आणि सेपरेशन (दोन लोबांच्या शिखरांमधलं अंतर, कॅमच्या अंशांत) ११० असेल तर दोन्ही व्हॉल्व्ह ५० अंश एकत्र उघडे राहतात. सेपरेशन १०६ केलं की ५८. आयडलिंगला जळालेला धूर इनटेकमध्ये परततो, हवा-पेट्रोलच्या मिश्रणात तो मिसळतो, एखादा सिलेंडर चुकतो, म्हणजे पेटतच नाही. मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो. ब्रेक हलका करणारा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो, त्यामुळे सिग्नलच्या गर्दीत पेडल कडक लागतं. वर एसी चालू असेल तर इंजिन बंद पडायला निमित्तच हवं असतं. आणि पीयूसीवाला हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, आयडलिंगलाच मोजतो.

रीमॅपनं पेट्रोल आणि स्पार्क जुळवता येतो, आयडल थोडं वर नेता येतं. परत गेलेली हवा रीमॅपनं आत येत नाही. उलट न वापरलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमधल्या सेन्सरपर्यंत पोचतो, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) वाटतं मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि तो आणखी पेट्रोल ओततो. मायलेज का पडलं याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

हेडच्या आतल्या कामाबद्दल मेसेज गप्प आहे. लिफ्ट (व्हॉल्व्ह किती मिलिमीटर उघडतो ते) वाढली की स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकतात का, रिटेनर (स्प्रिंग धरणारी टोपी) तेल अडवणाऱ्या सीलवर आपटतो का, हे बघावंच लागतं. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर तर आधी हातानं तपासायचं. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली माती थापा, वर तेलाचा हात फिरवा, जुनं गॅस्केट घालून हेडचे बोल्ट आवळा, क्रँक पान्यानं हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवा. हेड काढून माती ब्लेडनं कापा आणि सर्वांत पातळ जागी व्हर्निअर लावा. इनटेकला २ मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच यापेक्षा कमी भरलं तर तो कॅम त्या इंजिनाचा नाही. हे न करता स्टार्टर मारणारे मिस्त्री आहेत, आणि वाकलेल्या व्हॉल्व्हचं बिल गाडीमालकच भरतो.

मग रोजच्या गाडीला कॅम टाकायचाच नाही का? टाका, पण लिफ्ट थोडी जास्त, ड्युरेशन मूळच्या जवळपास आणि सेपरेशन ११० च्या खाली न आणलेला. विकणाऱ्याला १ मिलिमीटर लिफ्टवरचं ड्युरेशन विचारा. सीटपासून (व्हॉल्व्ह जागचा हलल्यापासून) मोजलेला आकडा प्रत्येक जण आपल्या सोयीनं छापतो. त्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट जुळवण्याचं काम) करून घ्या. दीड लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनात हरवलेली ताकद पुष्कळदा तिथेच सापडते.

स्वस्तातला कॅम बहुधा जुनाच शाफ्ट ग्राइंड करून केलेला असतो. ग्राइंडिंगमध्ये धातू काढता येतो, घालता येत नाही. लोबचा पाया लहान होतो, टॅपेटचा स्क्रू जास्त खाली न्यावा लागतो आणि वरचा कडक थर जातो. ग्राइंड केल्यावर हार्डनेस तपासून देणार का, एवढं विचारा. ‘गरज नाही’ म्हणाला तर शाफ्ट उचलून घरी या.