प्रतिक्रियेला उत्तर : नऊ कॉम्प्युटरले रजिस्टर कायले?

भाऊ, ऑफिसातल्या कॉम्प्युटर-सॉफ्टवेअरची नोंद ठेवा या माझ्या लेखावरची तुमची कमेंट वाचली, दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा जरा रागच आला. तुमचं म्हणणं असं की हे नोंदी, स्टिकर, लायसनचा हिशोब वगैरे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे चोचले, आमच्या कापसाच्या जिनिंगात नऊ कॉम्प्युटर, सगळे डोळ्यासमोर, ऑपरेटर पोरगा सात वर्षांपासून आहे त्याले सगळं माहीत असते, आणि तुम्ही एएमसी (कॉम्प्युटर सांभाळायचं वर्षाचं कंत्राट) विकायसाठी लेख लिहिता.

एएमसीचं खरं आहे, पोट त्याच्यावरच आहे, लपवत नाही. आणखी एक मान्य करतो. लेखात मी स्नाइप-आयटी हे नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर टाका म्हटलं होतं, ते फुकट असलं तरी त्याला सर्व्हर पाहिजे, त्याचा बॅकअप पाहिजे, नऊ मशीनसाठी म्हणजे दोन एकराले हार्वेस्टर घेतल्यासारखं झालं. चुकलंच. दोनशे पानी वही पुरते.

पण "पोराले सगळं माहीत असते" इथं मी अडलो.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलीच एक जिनिंग, नाव सांगत नाही, एएमसी माझ्याकडे. दिवाळी झालेली, कापसाची आवक जोरात, आणि सकाळी साडेसातला फोन की वजनकाटा बंद. काटा बंद म्हणजे काटा चालूच होता, इंडिकेटरवर वजन दिसत होतं, पण कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर उघडत नव्हतं म्हणून पावती निघत नव्हती, अन् बाहेर रोडपर्यंत ट्रॅक्टर आणि मेटाडोर उभे. मी गाडीला किक मारून पोचलो. सिरियल केबल पाहिली, पोर्ट बदलला, ड्रायव्हर परत टाकला, स्क्रीनवर येत होतं "की नॉट फाउंड" आणि मी आपला लायसनची फाइल उडाली समजून तीच शोधत बसलो. जुना ऑपरेटर दोन महिन्यांपूर्वी चाकणला लागला, त्याचा नंबर बदललेला. शेतकरी खिडकीतून विचारतात, "काहून हो, झालं का नाही?" अकरा वाजता मुनीमजी चहा पिता पिता म्हणाले, मागं एक हिरवा पेनड्राइव्ह खोचलेला राहायचा, तो मालकाच्या भाच्यानं लग्नाचे फोटो आणायले नेला.

तो पेनड्राइव्ह नव्हता. सॉफ्टवेअरचं डोंगल होतं, म्हणजे त्याच्या लायसनची किल्ली. त्याच्याशिवाय ते उघडतच नाही, आणि ते त्या दिवशी भाच्याच्या खिशात नागपूरला. संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं आलं, तोवर दिवसभर हातानं पावत्या, दुसऱ्या दिवशी सगळ्या परत चढवल्या, दोन पावत्यांची भांडणं तर आठवडाभर चालली. आणि दोष एकट्या भाच्याचा नाही, वर्षभर एएमसीचे पैसे मी घेत होतो अन् डोंगलची एक ओळ मीसुद्धा कुठं लिहून ठेवली नव्हती.

म्हणून म्हणतो भाऊ, कॉम्प्युटर मोजायला वही लागतच नाही, नऊ आहेत तर नऊ आहेत. वही लागते ती डोळ्याला दिसत नाही त्याच्यासाठी. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा सिरियल नंबर कोणाच्या ईमेलवर चढलेला आहे? बरेचदा तो ज्या दुकानदारानं लावून दिलं त्याच्या नाहीतर सीएच्या ईमेलवर असतो. ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो, टीएसएस म्हणजे टॅलीची अपडेटची वर्गणी कधी संपते, डीएससीचं म्हणजे डिजिटल सहीचं टोकन कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे अन् त्याची तारीख काय, राउटरचा पासवर्ड कोणाजवळ. मशीन फॉरमॅट मारायच्या आधी टॅलीचं लायसन सरेंडर करावं लागते, नाहीतर नवीन मशीनवर चालू करताना वांधे होतात, हेही त्याच पानावर. पोरगा चांगलाच असेल हो, पण त्याचंही लग्न होईल, त्यालाही पुण्यात नोकरी लागेल.

तुम्ही लिहिलं की क्रॅक विंडोज सगळेच चालवतात, काही होत नाही. रोज होत नाही हे खरं. पण कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये कलम ६३बी आहे, कॉपी चोरीची आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर चालवली तर कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड, आणि धंद्यासाठी वापरली असेल तर सूटही मागता येत नाही. मला त्याच्यापेक्षा क्रॅकसोबत काय काय मशीनमध्ये घुसते त्याची जास्त भीती वाटते. गंमत अशी की बऱ्याच ब्रँडेड मशीनसोबत विंडोजचं लायसन आलेलंच असते, त्या मशीनपुरतं, आणि फॉरमॅट मारणारा त्याच्यावर क्रॅक टाकून जातो. तुमच्या नऊपैकी दोन-तीन तरी अशी निघतील पाहा.

काट्याचं मशीन विंडोज सेव्हनवर असेल तर फेकून द्या असं मी म्हणणार नाही, सॉफ्टवेअर नवीन विंडोजवर चालतच नसेल तर काय करणार. फक्त त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला, म्हणून त्याचं नेट काढा आणि वहीत तसं लिहा. विंडोज टेनचंही १४ ऑक्टोबर २०२५ ला झालं, पुढची खरेदी त्या हिशोबानं करा.

भंगाराचं राहिलं. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमात मोठा ग्राहक म्हणजे वर्षात कधीही किमान १००० इलेक्ट्रिक-इलेक्ट्रॉनिक नग वापरणारा, तुम्ही त्यात बसत नाही. पण भंगारवाल्याला सीपीयू देताना हार्डडिस्क आतच राहते, आणि तिच्यात शेतकऱ्यांचे आधार, पासबुक, सगळं स्कॅन केलेलं. डिस्क काढून घ्या, भोक पाडा, कोणत्या दिवशी काय दिलं ते वहीत टाका. सीएलाही ते लागते, नाहीतर तो चार वर्षांपूर्वी विकलेल्या मशीनवर ४० टक्के घसारा धरत बसते.

बाकी वहीचं पान कसं आखायचं ते फोटो काढून टाकतो रविवारपर्यंत. तोवर एक करा, काट्याच्या कॉम्प्युटरच्या मागं काय काय खोचलेलं आहे ते वाकून पाहा आणि इथंच लिहा. त्या जिनिंगात ते डोंगल आता सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधलेलं आहे, भाचा आला की मुनीमजी आधी तिकडं पाहतात.