माजी सैनिकांच्या उमेदवारीबाबत खुलासा

बीड, लातूर, नांदेडकडील अनेक व्हॉट्सअॅप गटांवर असा मजकूर फिरत आहे की, लष्कराचे निवृत्तिवेतन घेणारा माजी सैनिक ‘लाभाचे पद’ (ज्यातून वेतन किंवा अन्य आर्थिक लाभ मिळतो असे सरकारी पद) धारण करत असल्याने त्याला विधानसभेची निवडणूक लढवता येत नाही. हे चुकीचे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९१ मधील अपात्रता शासनाच्या अखत्यारीतील लाभाचे पद प्रत्यक्ष धारण करणाऱ्यास लागू होते. निवृत्तिवेतन हा पूर्वीच्या सेवेचा मोबदला असून ते पद नव्हे, आणि तसे असते तर निवृत्त शिक्षक व तहसीलदारही उमेदवारी करू शकले नसते. सेवेत असलेल्या जवानाला मात्र निवडणूक लढवता येत नाही. गोंधळ बहुधा येथूनच झाला असावा. भ्रष्टाचार किंवा राज्याशी बेइमानी या कारणावरून शासकीय सेवेतून बडतर्फ झालेली व्यक्ती लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९ नुसार पाच वर्षे अपात्र ठरते, परंतु सन्मानाने निवृत्त झालेल्यांशी या तरतुदीचा संबंध नाही. वयाची २५ वर्षे पूर्ण असणे आणि राज्यातील कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असणे या अटी त्यांनाही इतरांप्रमाणेच आहेत. माजी सैनिकांसाठी विधानसभेत राखीव जागा असल्याचे त्याच मजकुरात म्हटले आहे. तशी तरतूद नाही.