जॅक लंडनने आत्महत्या केली, हे कशाच्या आधारावर सांगता?

अमेरिकी लेखक जॅक लंडनविषयी एक मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : शाळा सोडलेला एक मजूर कॅनडातील क्लोंडाइक या सोन्याच्या प्रदेशात गेला, सोने मिळवून श्रीमंत झाला, तिथे जे पाहिले ते जसेच्या तसे लिहून जगप्रसिद्ध लेखक झाला आणि अखेर दारूपायी खचून चाळिसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. यातले वय बरोबर आहे. दारूबद्दलही वाद नाही, कारण १९१३ साली ‘जॉन बार्लीकॉर्न’ या पुस्तकात त्याने आपल्या पिण्याची हकीकत स्वतःच सांगितली आहे. बाकीची विधाने मात्र तपासून पाहायला हवीत.

सोन्यापासून सुरुवात करू. १८९७च्या उन्हाळ्यात तो निघाला, तेव्हा वर्षभराचा शिधा आणि अवजारे थोडी थोडी पाठीवर घेऊन वाटेवरच्या चिलकूट खिंडीची तीच चढण त्याला अनेकदा चढावी लागली. त्या हिवाळ्यात ताज्या अन्नावाचून त्याला स्कर्व्ही हा रोग झाला आणि १८९८ साली तो घरी परतला तो जेमतेम साडेचार डॉलरची सोन्याची धूळ घेऊन.

तो शिकला नव्हता, हेही अर्धसत्यच आहे. शाळा लवकर सुटली आणि डबाबंद मालाच्या कारखान्यात राबावे लागले, हे खरे. पण लहानपणी ओकलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आयना कूलब्रिथ त्याच्या हाती पुस्तके ठेवत होत्या, पुढे मोठ्या वयात तो पुन्हा हायस्कूलच्या बाकावर बसला आणि १८९६ साली बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. तिथले शिक्षण पैशाअभावी सुटले. क्लोंडाइकहून परतल्यावर लिहिलेल्या कथा साभार परत येत राहिल्या; १८९९च्या जानेवारीत ‘ओव्हरलँड मंथली’ या मासिकाने एक कथा छापली, तिचे मानधन होते पाच डॉलर. रोज हजार शब्द लिहायचेच, हा नियम त्याने आयुष्यभर पाळला आणि पन्नासच्या आसपास पुस्तके लिहिली. १९०३ साली ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ या कादंबरीचे हक्क त्याने मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेला दोन हजार डॉलरला एकरकमी देऊन टाकले, त्यामुळे पुढे त्या पुस्तकाचा अफाट खप झाला तरी त्याचे मानधन त्याला मिळाले नाही. इतक्या कष्टांना ‘जे पाहिले ते उतरवले’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

सर्वांत गंभीर विधान आत्महत्येचे आहे. २२ नोव्हेंबर १९१६ रोजी सकाळी तो कॅलिफोर्नियातल्या ग्लेन एलनच्या घरी बेशुद्ध आढळला आणि त्याच संध्याकाळी गेला. मृत्यूच्या दाखल्यावर मूत्रपिंडाच्या विकारातून झालेली विषबाधा, म्हणजे युरेमिया, हे कारण नोंदवलेले आहे. मूत्रपिंडाच्या दुखण्यावर तो मॉर्फिन हे वेदनाशामक घेत असे आणि त्याच्या खोलीत मॉर्फिनच्या कुप्याही सापडल्या, त्यामुळे मात्रा अधिक झाली असण्याची शक्यता मी नाकारत नाही. पण जास्त मात्रा वेगळी आणि मरण्याचा हेतू वेगळा. आत्महत्येची कथा रुळली ती मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, १९३८ साली आलेल्या अर्व्हिंग स्टोनच्या चरित्रामुळे. लंडनच्याच १९०९च्या ‘मार्टिन इडन’ या कादंबरीचा लेखक-नायक शेवटी समुद्रात उडी घेतो, म्हणून वाचकांनाही ती सहज पटली. मात्र इडन व्यक्तिवादापायी मेला आणि आपण समाजवादी आहोत, असा फरक लंडनने स्वतः स्पष्ट केला होता.

मृत्यूच्या आदल्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, त्याने थोरली मुलगी जोन हिला पत्र लिहिले. येत्या रविवारी तू आणि बहीण माझ्याबरोबर जेवायला याल का, आणि हवा चांगली असेल तर ओकलंडच्या लेक मेरिट या तळ्यावर होडीतून फिरायला जाऊ या, असे त्यात विचारले आहे. आत्महत्या गृहीत धरणाऱ्यांनी हे पत्र आधी वाचावे.