हक्क आपोआप मिळतो, नोंदणी पुराव्यासाठी

कवितांच्या ऑनलाइन नोंदणीवरचा लेख उपयुक्त आहे, पण ‘ऑनलाइन नोंदणी केली की कॉपीराइट मिळतो’ हे त्यातलं विधान दुरुस्त करायला हवं. बर्न करार, म्हणजे लेखक-कलावंतांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, मानणाऱ्या देशांत १९०८ च्या बर्लिन दुरुस्तीपासून नोंदणीची अट नाही. कविता लिहून झाली की हक्क लागू. नोंदणीमुळे मिळतो तो तारखेचा पुरावा, आणि वाद झाला तर तो फार मोलाचा असतो.

अशी नोंदणी करणाऱ्या बऱ्याच सेवा फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, घेऊन त्यावर वेळेचा शिक्का मारतात. एसएचए-२५६ पद्धतीत हा ६४ अक्षर-अंकांचा ठसा असतो, आणि कवितेतला एक स्वल्पविराम हलला तरी तो पूर्ण बदलतो. म्हणून नोंदवलेली फाइल जशीच्या तशी जपा, नंतरच्या दुरुस्त्या वेगळ्या प्रतीत करा.

शिक्क्यावरून एवढंच कळतं, की त्या वेळी ही फाइल अस्तित्वात होती. ती लिहिली कुणी, हे नाही. चोरणाराही आधी नोंदवू शकतो! त्यामुळे कच्चे खर्डे, खाडाखोड, संपादकाशी झालेले ईमेल कृपा करून पुसू नका. प्रमाणपत्रही स्वतःकडे उतरवून ठेवा. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची ‘वायपो प्रूफ’ ही असाच वेळेचा शिक्का देणारी सेवासुद्धा २०२० मध्ये सुरू होऊन २०२२ मध्ये बंद झाली.