समुपदेशक हवाच, पण वर्गात कोण येणार?

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. त्यातली एक सूचना अशी, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. तेव्हापासून आमच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एकीचं म्हणणं, उशिरा का होईना, झालं ते बरं झालं. दुसरी म्हणते, इथे गणिताला मास्तर मिळेना, समुपदेशक कुठून आणणार? मधूनच कुणीतरी टाकतंच, आपल्या वेळी छडी होती, कोण बिघडलं? (शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने छडीला बंदी आहे, पण ग्रुपवर कलमं चालत नाहीत.)

मी इंग्लंडमध्ये एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे वळतोच, "तुमच्याकडे असतोच ना गं?" असतो कधीकधी, आठवड्यातून एखादा दिवस. पण तो आला म्हणून वर्ग सावरला, असं मी तरी पाहिलेलं नाही. सावरताना पाहिलाय तो वेगळ्याच माणसामुळे.

दुसरीतला एक मुलगा. गणित सुरू झालं की पेन्सिलींचा डबा भिरकावायचा आणि टेबलाखाली जाऊन बसायचा. गणिताची भीती आहे, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. शाळेने कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या, विशेषज्ञ शिक्षिकेला बोलावलं. ही बाई मूळची वर्गशिक्षिकाच, पुढे मुलांच्या भावनिक आणि सामाजिक अडचणींचं खास प्रशिक्षण घेतलेली. ती मागे कोपऱ्यात वही घेऊन बसली. डबा उडायच्या आधी काय झालं, उडाल्यावर कोण काय बोललं, त्यानंतर त्याला काय मिळालं, एवढंच टिपत राहिली. दोन-तीन वेळा येऊन गेल्यावर तिने सांगितलं, अडचण गणिताची नाहीच. गणित मधल्या सुट्टीनंतर येतं. मैदानावरच्या गोंगाटातून तीस मुलांच्या रेट्यात वर्गात शिरणं त्याला झेपत नाही.

मग काय केलं? त्याला पाच मिनिटं आधी आत आणायचं. वह्या वाटायचं काम त्याच्याकडे. टेबलावर एक कार्ड. ते उलटं ठेवलं की न विचारता ठरलेल्या जागी जाऊन बसायची मुभा. आणि आम्ही सगळ्या मोठ्यांनी एकच वाक्य, एकाच सुरात बोलायचं, चार जणींनी चार प्रकारे समजवायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड गेलं. डबा उडायचा लगेच थांबला नाही, पण दिवाळीच्या सुमारास सुरू झालेलं हे ईस्टरपर्यंत क्वचितवर आलं. त्या बाई मुलाशी फारशा बोलल्याच नव्हत्या. त्यांचं सगळं बोलणं आमच्याशी.

इथल्या बऱ्याच शाळांत 'एल्सा' म्हणून ओळखले जाणारे कर्मचारीही असतात. बहुतेक माझ्यासारखेच असिस्टंट, मुलांना भावना सांभाळायला मदत करणारे. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ त्यांना काही दिवसांचं प्रशिक्षण देतात आणि पुढे नियमितपणे एकत्र बसवून त्यांच्या अडलेल्या केसेस ऐकतात. हे ऐकणं बंद पडलं, तर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरतं उरतं.

पण इंग्लंडचे गोडवे गाणाऱ्यांनी बाकीचंही ऐकावं. जास्तीची मदत हक्काने हवी असेल, तर मुलाच्या नावाने कायदेशीर योजना लागते. ती वीस आठवड्यांत मिळावी असा नियम आहे. २०२४ मध्ये निम्म्याहून कमी योजना वेळेत निघाल्या. जानेवारी २०२५ मध्ये अशी योजना असलेली सहा लाख अडतीस हजारांहून जास्त मुलं इंग्लंडमध्ये होती. नकार आला तर पालक न्यायाधिकरणात जातात आणि बहुतेक वेळा जिंकतात. म्हणजे ज्याला इंग्रजी अर्ज लिहिता येतात, वकील परवडतो, त्याच्या मुलाला आधी मदत. कौन्सिलांवर कर्जाचे डोंगर झालेत. आणि एवढं करून २०२३-२४ या एका वर्षात मुलांना तात्पुरतं शाळेबाहेर काढल्याच्या साडेनऊ लाख घटना नोंदल्या गेल्या. कागदाला मदत जोडली, की सगळे कागदामागे धावतात. वर्गात येणारी ती वहीवाली बाई मात्र खर्चकपातीत सगळ्यांत आधी जाते.

म्हणून माझं मत ग्रुपवर दोन्ही तटांना आवडलं नाही. समुपदेशकाचं पद भराच, आत्महत्येचा विचार करणाऱ्या मुलाला त्याची गरज आहे. पण रोज डबा भिरकावणाऱ्या, किंवा महिनोन्‌महिने एक शब्द न बोलणाऱ्या मुलाचं दुखणं समुपदेशकाच्या खोलीत बोलवून सुटत नाही. ते वर्गात घडतं, तिथेच कुणीतरी येऊन बघायला हवं.

एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. ती म्हणाली, "दोन इयत्ता एका खोलीत, वर मतदार याद्या, ऑनलाइन माहिती. तुझी ती बाई आमच्या कुठल्या कोपऱ्यात बसणार?" रास्त आहे. पण महाराष्ट्रात नवा सांगाडा उभा करायचीही गरज नाही. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत दिव्यांग मुलांसाठीचे विशेष शिक्षक आहेत, शिक्षकांच्या मदतीसाठी तालुक्याची गटसाधन केंद्रं आहेत, आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं त्यातल्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात मानसिक आजार, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता तिन्ही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आदेश दिल्यावर केंद्र सरकारने २०२२ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाणही ठरवून दिलं, प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक, वर पंधरामागे एक.

अडतं ते पुढे. हे विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर राबले. त्यांच्या वाट्याला शिबिरं, प्रमाणपत्रं, साहित्यवाटप, आणि त्याची नोंद भरणं. वर्तनाच्या तक्रारीचं मूल त्यांच्या यादीत येतच नाही, कारण त्याच्याकडे दिव्यांगत्वाचा दाखला नसतो. मैत्रिणीला मी विचारलं, तुमच्या विशेष शिक्षकाने दाखल्याशिवायच्या मुलासाठी तुझ्या वर्गात सलग दोन तास बसायचं ठरवलं, तर त्याला कुणाची परवानगी लागेल? तिने केंद्रप्रमुखांना विचारते म्हटलं. ते म्हणाले, परवानगी देतो, पण त्या दोन तासांची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते आधी वरून विचारून घ्या.