टनांचा तक्ता मागे घेताना

हवाई मालवाहतुकीवरच्या माझ्या लेखाला दिलेल्या एवढ्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार, तिच्यातल्या तिखटासकट. तुमचे दोन मुख्य आक्षेप आहेत. जागतिक व्यापारातला वजनाने एक टक्काही माल विमानाने जात नाही, मग हवाई मालवाहतुकीने प्रदेशाची भरभराट होते हे मी कशाच्या जोरावर लिहिले? आणि मेम्फिसचे गोडवे गाताना ते अमेरिकेतल्या गरीब मोठ्या शहरांपैकी एक आहे हे का गाळले?

दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. १७ एप्रिल १९७३ च्या रात्री फेडएक्स या कुरिअर कंपनीने मेम्फिसहून १४ विमाने आणि १८६ पाकिटे घेऊन सुरुवात केली आणि पुढे मेम्फिसचे विमानतळ मालवाहतुकीत जगात पहिल्या क्रमांकाचे झाले. एवढे सांगून मी थांबलो. पण रात्री उतरून पहाटेआधी पुन्हा उडणाऱ्या बहुतेक मालाचा शहराशी संबंध छाननीच्या पट्ट्यावरून सरकण्यापुरताच असतो. हजारोंना रोजगार मिळाला, हे खरे. पण रात्रपाळीने शहर श्रीमंत होत नाही. अलास्कातल्या अँकरेजचे तर विचारूच नका. तिथे आशिया आणि अमेरिकेदरम्यानची मालविमाने इंधनाला थांबतात, बराचसा माल खालीही उतरत नाही, तरी आकडेवारीत टन चढतात!

पहिला आक्षेप मात्र मान्य नाही. वजनाने एक टक्क्याहून कमी असलेला हा माल किमतीने जागतिक व्यापाराच्या सुमारे एक तृतीयांश भरतो. अर्थात किंमतही बाजूला ठेवू. माझा भर वेळेवर आहे. केनियातल्या नैवाशा सरोवराकाठचा गुलाब खुडल्यापासून त्याचे आयुष्य दिवसांत मोजायचे. शीतगृह, नैरोबी, रात्रीचे विमान, नेदरलँड्सचा लिलाव, यांतला एक दुवा निखळला की फूल कचऱ्यात. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडचा ज्वालामुखी उसळला, युरोपचे आकाश काही दिवस बंद झाले आणि केनियात फुलांचे ढीग फेकावे लागले, मजुरांना घरी बसवावे लागले. विमान थांबताच मळा थांबला. अवलंबित्वाचा याहून स्पष्ट पुरावा मला देता येणार नाही. (आता काही फुले थंड कंटेनरमधून समुद्रमार्गेही जातात, म्हणजे विमानाची ही मक्तेदारीही कायमची नव्हे.)

‘आधी समृद्धी, मग विमानतळ’ हे तुमचे म्हणणे चीनमधल्या झेंगझौला अर्धे लागू पडते. विमानतळ आधीपासून होता. मालाची खरी वाढ झाली ती २०१० मध्ये आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनचा कारखाना आल्यावर, आणि तो आला सरकारी सवलतींच्या बळावर. पण विमानतळालगतच्या बॉण्डेड क्षेत्रात (जिथे आयात शुल्क न भरता माल ठेवता येतो) कस्टम्सचे काम उरकून फोन थेट विमानात चढवता येत नसते, तर समुद्रापासून इतक्या आत तो कारखाना कोणी काढला असता?

उलट कॅनडातल्या माँट्रियलजवळचे मिराबेल विमानतळ म्हणजे आधी कळस, मग पाया. १९७५ मध्ये अवाढव्य जमीन घेऊन ते उघडले, प्रवासी काही फिरकेनात, आणि २००४ मध्ये प्रवासी उड्डाणे थांबली. मालविमाने आणि विमानबांधणीचे कारखाने तेवढे तिथे टिकले.

धावपट्टीऐवजी आधी रस्ते करा, हा तुमचा सल्ला नाशवंत मालाच्या बाबतीत मला अपुरा वाटतो. रस्ता हवाच. पण मध्यरात्री ट्रक पोचला आणि कस्टम्सची खिडकी सकाळी उघडणार असेल, तर उत्तम रस्त्याने लवकर आणलेला माल दारातच नासतो.

मूळ लेखातला, विमानतळांच्या मालाचा टनांतला तक्ता आज काढला आहे. त्याजागी, माल विमानतळाच्या दारात आल्यापासून विमानात चढेपर्यंत किती तास जातात, याची तुलना देणार आहे.